ओठांची अक्षरं

नवरात्र उठलं की मुरब्याच्या किनाऱ्यावर बांबू रोवायला सुरुवात होते. बांबूला बांबू, वर आडव्या दोऱ्या, आणि चार-सहा दिवसांत सगळी वाळू अशा वलांड्यांनी भरून जाते. मग त्यांच्यावर बोंबील चढतात, जबड्यात जबडा अडकवलेले, जोडीजोडीने. ओले असताना ते इतके पातळ दिसतात की त्यांच्यातून पलीकडचा समुद्र दिसतो, असं आम्ही लहानपणी म्हणायचो. तिसऱ्या दिवशी ते पिवळट, काटकुळे होतात आणि वाऱ्यावर एकमेकांना घासून खुसखुसतात. बाहेरून आलेली माणसं नाकाला रुमाल लावतात. आम्हाला तो वास येतच नसे. इतका तो आमच्या कपड्यांत, केसांत, भातात मुरलेला होता.

मला तो वास यायला लागला तो एका आश्विनात, आणि तेव्हापासून दर वर्षी येतो. परवा बोईसरकडून रिक्षाने गावात शिरत होते. वळणावर तो आला आणि मी रिक्षा थांबवून उतरले. पुढचं चालत गेले. कोणाच्या तरी लग्नाला निघाले होते, हातात आहेराची पिशवी होती. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी बराच वेळ त्या बोंबलांकडे बघत राहिले. येणारी-जाणारी माणसं बघत होती. म्हणत असतील, पालघरला राहायला गेली आणि हिला आता सुक्या मासळीचं कौतुक.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट.

माझा मोठा भाऊ नरेश तारापूरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होता. आमचे बाबा लवकर गेले. आईने सुकी मासळी विकून आम्हा दोघांना शिकवलं. दादाने होडीवर जावं असं सगळ्या पाड्याला वाटत होतं, पण त्याचा जीव तारांमध्ये. कंपनीत तो दाब आणि तापमान दाखवणारी यंत्रं नीट करायचा आणि गावात आला की होड्यांचे वायरलेस, लोकांचे रेडिओ, मिक्सर. अंगाने आडवा, खलाशासारखा, पण बोटं बाईसारखी निमुळती. वाटाण्याएवढा स्क्रू तो न बघता फिरवायचा. बोलत बोलत, चहा पीत पीत.

त्याच बोटांतून एके दिवशी स्क्रू ड्रायव्हर निसटला. तो हसला. मग शर्टाचं बटण लागेना. मग घास. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि तिथल्या डॉक्टरांनी आजाराचं एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, असं त्यांनी मला समजावलं. डोकं मात्र शेवटपर्यंत स्वच्छ राहतं. हे त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं असावं.

दोन वर्षांत दादा खुर्चीत आला. मी तेव्हा पालघरला एका वकिलांकडे मराठी टायपिंग करायचे, प्रतिज्ञापत्रं, अर्ज, खरेदीखतं. ती नोकरी मी सोडली. आणि रेखावहिनी, दादाची बायको, एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागली. सकाळी सहाच्या एसटीने जायची, संध्याकाळी परतायची. दिवसभर दादापाशी मी.

वहिनी बेटेगावची. शेतावरची पोर, चौथीपर्यंत शिकलेली. लहानपणी कान वाहून वाहून तिला कमी ऐकू येई. पण हे लग्नानंतर कितीतरी दिवस आमच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण समोरच्याचे ओठ बघून ती सगळं समजून घ्यायची. दादाचे ओठ तर तिला पाठच होते. तो दुसऱ्या खोलीतून आवाज न काढता नुसते ओठ हलवून काहीतरी म्हणायचा आणि ती इकडे लाजून लाल व्हायची. आई विचारायची, "काय झालं गो, का हसतंस?"

दादाची ओठांची अक्षरं आधी गेली. प, फ, ब, भ, म. ओठ मिटेनात, म्हणून ती अक्षरं फुटेनात. 'पाणी' म्हणताना नुसतं 'आणी' यायचं. 'आई' अशी हाक मारता यायची, कारण त्या शब्दाला ओठ मिटावे लागत नाहीत. मग जीभ जड झाली आणि उरलेली अक्षरं एकमेकांत मिसळली. दिवसरात्र जवळ असल्यामुळे मला त्या आवाजातून शब्द वेचता यायचे. आईला निम्मे कळायचे. वहिनीला काहीच कळेना. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायची. तिथे आता काही हलत नव्हतं.

"काय म्हणतात हो, ताय?" ती मला विचारायची. आणि मी सांगायचे.

त्या आश्विनात पालघरचे डॉक्टर घरी येऊन गेले. दादाला गिळताना ठसका लागत होता. डॉक्टर म्हणाले, आता मुंबईला नेऊन पोटात नळी बसवावी लागेल. पुढे श्वास कमी पडला की गळ्याला भोक पाडून मशीन. मग तो तिथेच राहील, किती दिवस ते सांगता येणार नाही. विचार करून कळवा.

डॉक्टर गेल्यावर दादा बोलला. फार वेळ लागला, पण मला नीट कळलं. नळी नको. मशीन नको. मला घरी ठेवा.

वहिनी समोरच बसली होती. आई दारात बोंबील निवडत होती. वहिनीने विचारलं, "काय म्हणतात?"

मी म्हणाले, "म्हणतो, बघू. दिवाळी होऊ दे."

दादाने माझ्याकडे पाहिलं. तो सगळं ऐकत होता हे मला ठाऊक होतं. त्याच्या समोर, त्याच्या तोंडावर मी ते बोलले. वहिनीचा चेहरा मोकळा झाला आणि ती चहा टाकायला उठली.

आठवड्याने त्याने पुन्हा सांगितलं. पुन्हा मी म्हणाले, बघू म्हणतो. त्याने डोळे मिटले. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी आईकडे बघून म्हणाले, "तो तयार आहे गो, फक्त थोडा वेळ दे म्हणतो." आणि दादा हसायला लागला. त्या आजारात हसू आवरत नाही, सुरू झालं की सुरूच राहतं. लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, तो हसतच होता. आईला वाटलं पोराला बरं वाटतंय. तीही हसली.

का केलं मी असं? मला आजही नीट सांगता येत नाही. तो मरायला तयार आहे हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडणार होतं. आवाज माझा असणार होता. मला ते जमलं नाही, एवढंच.

हसण्याच्या त्या दिवसाला दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "ते डबडं काढ."

डबडं म्हणजे लॅपटॉप. कंपनीतले एक साहेब नोकरी सोडून गेले, तेव्हा त्यांनी आपला जुना, लहानसा लॅपटॉप दादाला देऊन टाकला होता. आईच्या मसाल्याच्या डब्यापेक्षा थोडा मोठा, काळा, एका कोपऱ्याला चीर गेलेला. अख्ख्या मुरब्यात तेवढा एकच. त्यात इंग्रजी टाइप व्हायचं, पण वहिनीला इंग्रजी येत नव्हतं. कागदावर बाराखडी लिहून बोटाने दाखवायचं आम्ही करून पाहिलं होतं. तिसऱ्या अक्षरापर्यंत वहिनी पहिलं विसरायची आणि रडायला लागायची. एकामागे एक अक्षरं टिकून राहतील असं काहीतरी त्याला हवं होतं. त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अजून हलत होतं, आणि ते किती दिवस हलेल हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

मराठीचा प्रोग्रॅम त्या लॅपटॉपवर चालेना. मेमरी कमी, डिस्क भरलेली. मी तो पिशवीत घालून बोईसरला स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेला. तिथल्या माणसाने उलटापालटा करून बघितला आणि परत माझ्यापुढे सरकवला. "दीदी, लॅपटॉप हम नहीं खोलते. बंबई भेजना पडेगा. दो महिना पकड़ के चलो."

मी घरी येऊन दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "तू खोल."

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"मी हाय ना."

मी ग्रँट रोडच्या बाजारात जाऊन त्याने लिहवून घेतलेल्या दोन वस्तू आणल्या. एक मेमरीची पट्टी, माझ्या दोन बोटांएवढी. आणि एक नवी डिस्क. दुकानदाराने तिच्यावर सगळे प्रोग्रॅम घालून दिले होते. बसवायचं तेवढं आमच्यावर होतं.

एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारची. वहिनी घरी होती. दुपारचं जेवण झालं, आई वलांडीवरचे बोंबील उलटवायला किनाऱ्यावर गेली आणि दादाने मला सुती साडी नेसून यायला सांगितलं. नायलॉनने वीज धरते म्हणाला. अनवाणी उभी राहा. दर वेळी यंत्राला हात लावण्याआधी खिडकीच्या गजाला हात लाव. समुद्राकडची खिडकी मी लावून घेतली. मुरब्याच्या वाऱ्यात मीठ असतं. आमच्याकडे कडीकोयंडे, सायकलींच्या चेना, देवाची तांब्याची भांडी, सगळं वर्षभरात खाल्लं जातं. दादा नेहमी म्हणायचा, इथे लोखंड माणसाआधी म्हातारं होतं.

मी पाटावर लॅपटॉप उपडा ठेवला. बॅटरी काढली. पाटावर खडूने यंत्राची बाह्यरेषा काढली आणि जिथला स्क्रू तिथेच ठेवत गेले. हेही त्यानेच सांगितलं. स्क्रू इतके बारीक की घामाने बोटाला चिकटायचे. दोन स्क्रू गंजले होते, फिरेनात.

"दाब," दादा म्हणाला. "आधी दाब. मग फिरव."

दाबून फिरवल्यावर ते कुरकुरत सुटले. मग सुलटा करून कीबोर्ड वर उचलायचा होता. त्याच्या खाली कागदासारखी पातळ पट्टी असते, ती फाटली तर सगळं गेलं. मी कीबोर्ड दोन्ही हातांनी हळूच उचलला. दादाची मान एका बाजूला कललेली होती, ती वहिनीने दोन्ही हातांनी सरळ धरली, म्हणजे त्याला दिसावं. असं आम्ही तिघं. एकाला कळत होतं, एकीचे हात चालत होते, एकीने त्याचं डोकं धरलं होतं.

आत बघून मला नवल वाटलं. दुकानांच्या रांगा, गल्ल्या, पाण्याच्या टाक्या, एखादं गाव उंचावरून दिसावं तसं. आणि त्या गावावर हिरवट बुरशी. तांब्याच्या टोकांवर मीठ चढलं होतं.

"खोडरबर," दादा म्हणाला.

मी पेन्सिलच्या खोडरबराने ती टोकं घासली, हळूहळू, जुन्या मेमरीची, नव्या डिस्कच्या जागेची. भुगा फुंकायला गेले तर तो ओरडला. तोंडातली वाफ नको. मी मऊ ब्रशने झाडलं. खोटं कशाला सांगू, त्या दुपारी मला आनंद होत होता. कित्येक महिन्यांनी दादा मला रागावत होता. तो मेकॅनिक होता आणि मी त्याच्या हाताखालची होते. त्याच्या डोळ्यांत तीच जुनी चमक होती, वायरलेसचं मागचं झाकण उघडताना असायची ती.

जुनी डिस्क निघाली, नवी बसली. राहिली मेमरीची पट्टी. ती तिरकी आत घालायची आणि मग खाली दाबायची, की दोन्ही बाजूंच्या पितळी चिमट्या तिला पकडतात आणि खट्‌ असा आवाज होतो.

मी तिरकी घातली. खाली दाबली. आवाज झाला नाही.

हे मला कळलं होतं. आणखी दाबलं तर मोडेल, असं मी मनाशी म्हणाले, आणि वर कीबोर्ड ठेवून दिला. स्क्रू लावले. बॅटरी घातली. बटण दाबलं. यंत्र दोनदा लांब शिट्टी वाजल्यासारखं ओरडलं. पडदा काळाच राहिला.

त्या काळ्या पडद्याकडे बघताना माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. आता हे चालणार नाही. आता दिवाळी होईल, नळी बसेल, मशीन लागेल, दादा राहील. मीच सांगत राहीन तो काय म्हणतो ते.

"जळलं वाटतं, दादा," मी म्हणाले. रडवेला आवाजही काढला.

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग सावकाश, एकेक शब्द सोडवून म्हणाला, "खट्‌ झालं का?"

मी स्क्रू ड्रायव्हर पिशवीत घालायला लागले.

"सुले," तो म्हणाला. माझ्या नावाची अक्षरं त्याला अजून येत होती. "खट्‌ कर."

वहिनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "काय झालं, ताय? मोडलं?"

"नाही," मी म्हणाले. "परत खोलायचं आहे."

सगळे स्क्रू पुन्हा निघाले. पट्टी मी बाहेर काढली, पुन्हा तिरकी घातली आणि अंगठ्यांनी दाबली. खट्‌ आवाज झाला. वहिनीला तो ऐकू आला नसेल. दादाला आला.

यंत्र सुरू झालं. मी कीबोर्डवर मराठी अक्षरांचे कागदाचे तुकडे चिकटवले. कोणतं अक्षर कुठे, ते माझ्या बोटांना पाठ होतं. वहिनीने जुन्या लुगड्याची झोळी करून आढ्याला बांधली आणि दादाचं मनगट तिच्यात ठेवलं, म्हणजे हाताचं वजन त्याला उचलावं लागू नये. बोट कळांवर तरंगत राहिलं. मग तो टाइप करायला लागला.

मी बाजूला होऊन बसले. वहिनी पडद्यासमोर. एकेक अक्षर यायचं आणि ती मोठ्याने वाचायची, शाळेत वाचतात तसं, काने-मात्रे सुटे सुटे करत.

"रे... खा. न... ळी... नको." ती थांबली. पुढे वाचायला लागली. "म... शी... न नको. मुं... बई नको. घ... री."

मग पुढचं. त्याला बराच वेळ लागला. "सुलूला सांगितलं होतं."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती माझ्या ओठांकडे बघत होती, आता मी काय म्हणते ते बघायला. मी मान खाली घातली.

ती वळली आणि दादाला म्हणाली, "तुमाला भीती नाय वाटत?"

बोट हललं. तिने वाचलं, "वाटते."

"मग?"

"तरी."

ती तिथेच त्याच्या मांडीवर डोकं ठेवून बसली. मी उठून बाहेर आले. किनाऱ्यावर आई वलांडीपाशी उभी होती, पदर कमरेला खोचून बोंबलांच्या जोड्या फिरवत होती. वारा माझ्याकडे होता. आणि तेव्हा मला तो वास आला. पहिल्यांदा, बाहेरच्या माणसाला येतो तसा. मी पदर नाकाला लावला.

पुढचे तीन महिने दादा टाइप करत होता. मला वाटलं होतं तो काही मोठं लिहील, आठवणी, निरोपाचं काही. तसलं त्याने काही लिहिलं नाही. संध्याकाळी वहिनी आली की लिहायचा. पाठ खाजव. पंखा कमी. बस उशिरा? कंपनीत काय जेवलीस. एकदा लिहिलं, निळी साडी नेस. एकदा वहिनीवर चिडून ओळभर नुसता 'क' दाबून धरला. ती हसली, तोही हसला, आणि त्याचं हसणं थांबेना तसं ती त्याला मिठी मारून बसली. त्या तीन महिन्यांत मला कोणी विचारलं नाही, तो काय म्हणतो म्हणून.

माघात बोट थांबलं.

त्यानंतर डोळे होते. हो म्हणजे वर, नाही म्हणजे मिटायचे. फाल्गुन लागला आणि एके सकाळी त्याचा श्वास उथळ झाला. ओठ निळसर पडले. आईने आरडाओरडा केला. शेजारच्यांनी जीप आणली, चार माणसं आत आली, खुर्चीसकट उचलायला. वहिनी दारात आडवी उभी राहिली. एवढीशी बाई, पण चौकट धरून उभी राहिली.

"न्यायचं नाय," ती म्हणाली. "ते घरीच ऱ्हातील."

"तू कोण सांगणार गो?" आई किंचाळली. "माझा पोर हाय तो! सरक!"

"त्यांनीच सांगितलंय, आई. लिहून दिलंय."

"मला वाचता येत नाय म्हणून काय पण सांगतंस?"

मग आई माझ्याकडे वळली. चारी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, "खरं आहे आई. त्याला जायचं नव्हतं. त्याने मलाच पहिल्यांदा सांगितलं होतं."

आई माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तू तर सांगत होतीस, तो तयार हाय म्हणून. माझ्या समोर."

"ते मी खोटं सांगितलं होतं."

"तेव्हा खोटं," आई म्हणाली, "का आता?"

मी दादाकडे बघितलं. त्याने डोळे वर केले, हो म्हणून. पण आई तेव्हा वहिनीचा दंड धरून तिला ओढत होती. तिने ते पाहिलं नाही. माणसं थबकली, एकेक करून बाहेर गेली, कोणालाच मधे पडायचं नव्हतं. दुपारपर्यंत दादा गेला. वहिनीने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं.

दादाचे दिवस झाल्यावर मी एकदा आईसमोर ते यंत्र उघडलं. दादाने लिहिलेलं सगळं त्यात होतं. मी तिला वाचून दाखवायला लागले. नळी नको, मशीन नको. ती ऐकून घेत होती. मग माझं बोलणं तोडून म्हणाली, "हे तू वाचतंस. तो कुठं बोलतोय?"

मी ते बंद केलं. नंतरच्या पावसाळ्यात त्यात मीठ शिरलं आणि ते सुरूच झालं नाही. खोलून बघायला मी गेले नाही.

वहिनी वर्षभर आमच्याकडे राहिली. आई तिच्या हातचं पाणी घेत नसे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, सुनेने पोराला दारात अडवला, हॉस्पिटल बघू दिलं नाय. बाजारात, लग्नात, मयतीत, सगळीकडे सांगायची. मी दर वेळी मधे पडून सांगायचे, तसं नव्हतं गो, आणि लोक माझ्याकडे समजूतदारपणे बघायचे. बहीण आहे, भावजयीची बाजू सांभाळते. शेवटी वहिनी बेटेगावला निघून गेली. पॅकिंगची नोकरी तिने सोडली नाही.

आई त्यानंतर सहा-सात वर्षं होती. शेवटच्या आजारपणात मी तिच्या उशाशी होते. वहिनीचं नाव मी दोन-तीनदा काढलं. आईने तोंड भिंतीकडे फिरवलं.

आईच्या बाराव्याला वहिनी आली. न बोलावता आली, पदर खोचून पानं वाढली, भांडी घासली. केस पांढरे झाले होते. कानात आता मशीन होतं, पण बोलताना अजून ओठांकडेच बघायची. संध्याकाळी मी तिला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला गेले. बस यायला वेळ होता. दोघी उभ्या होतो. शेवटी ती म्हणाली, "ताय, एक विचारू? आई जाताना माझ्याबद्दल काय बोलल्या काय?"

ती माझ्या ओठांकडे बघत होती.

चार शब्द पुरले असते. रेखाला सांग, माझं चुकलं. कोण तपासणार होतं? मी तोंड उघडलं आणि मला यंत्र खोललं ती दुपार आठवली, आणि मी म्हणाले, "नाही वहिनी. काहीच नाही बोलली."

तिने मान हलवली. बस आली. तिने पिशवी खांद्यावर घेतली, पायरीवर एक पाय ठेवला आणि मागे वळली.

"आज खोटं सांगितलं असतंत तरी चाललं असतं, ताय," ती म्हणाली, आणि वर चढली.